निषादचा जुना, माझा नवा

आमच्याकडे फोन विकत घेत नाहीत,
तो उतरतो.
निषादने नवा घेतला की त्याचा ह्यांच्याकडे,
ह्यांचा माझ्याकडे,
माझा खालच्या मजल्यावरच्या मंजुबेनकडे,
आणि मंजुबेनचा पुढे कुठे जातो
ते मी कधी विचारलं नाही.
लहानपणी थोरलीचे फ्रॉक असेच यायचे,
कमरेची टीप उसवून वाढवलेले,
उसवल्या जागी मूळचा गडद रंग.

या खेपेला हे अडून बसले,
मला माझ्यातच सगळं सापडतं.
म्हणून एक पायरी गाळून
फोन थेट माझ्या हातात.
"सगळं पुसून घे, मला वेळ नाही झाला,"
निषाद जिन्यातूनच ओरडला
आणि रिक्षात बसून स्टेशनला गेला.

मरीमाताच्या खांचात गेले, काच बदलायला.
दुकानातल्या पोराने पिवळं पडलेलं कव्हर
केळं सोलावं तसं सोललं.
"बेन, ग्लासना दोढसो. अंदरनुं बधुं काढी नाखुं?"
आत काय काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक.
म्हटलं, रहेवा दे. घरी बघते.

घरी बघितलं.
नावांच्या यादीत मी सापडले:
"आई रविवार".
आडनाव लावावं तसा वार.
बरं, खोटं तरी काय त्यात.
रविवारी अकराला, कुकरची दुसरी शिट्टी आणि त्याचा फोन
एकदमच होतात.
वर "आंबेकर डबा", खाली "उचलू नये बँक",
मध्ये मी,
एक वार अडवून बसलेली.

पहाटे पाच दहाला फोन किंचाळला.
हे कुशीवर वळून म्हणाले, दूधवाला का गं?
चष्मा सापडेपर्यंत उशीखाली थरथरत राहिला.
गजराला नाव दिलं होतं:
"तिला उठव".

तिला.
उठले होते मी.

चहा टाकला. मंजुबेनला लिहायला घेतलं,
साखर संपली म्हणून.
स दाबला,
फोन म्हणाला, सेजल.
खोडलं. परत स.
परत सेजल.
मग साखर बाजूलाच राहिली.
ज दाबला: जेवलीस का.
घ दाबला: घाबरू नकोस.
प दाबला: पोचलीस की कळव.
माझ्या पोराला एवढे शब्द येतात?
मला तो "हं" आणि "बघतो" यावर
महिनाभर पुरवतो.

मग काय वाटलं कोण जाणे,
कपाटातून माझा जुना काढला,
मंजुबेनसाठी पुसून ठेवलेला, म्हणजे फडक्याने.
त्यात स दाबला.
सगळं ठीक.
म दाबला.
मी बरी आहे.
क दाबला, तर काही नको.
पाच वर्षं बोट घासलं मी त्याच्यावर
आणि तो माझ्याकडून
एवढंच शिकला.

त्याला पुसायला घेतलं तर दोनदा विचारतो,
नक्की ना, परत मिळणार नाही.
हो म्हटलं, दोन्हीदा.
मंजुबेनने कशाला माझं वापरावं.

निषादचा मात्र पुसला नाही.
पाच दहाला उठते आता,
गॅलरीत उभी राहते,
दांडिया बाजारात एखादंच शटर वर जात असतं.
मनात म्हणते, ऊठ बाई, उशीर होईल.
कुणाला म्हणते, तिचा चेहरा नाही माझ्यापाशी.
फोटो आहेत फोनमध्ये.
ते मी उघडले नाहीत.

रविवारी शिट्टी झाली, फोन आला.
"पुसलंस ना सगळं?"
म्हटलं, काच नवी आहे रे, बोट घसरतं अजून.
भाताचं विचारलं, दाढदुखीचं विचारलं,
त्याच्या गावच्या उकाड्याचं झालं.
मग गॅस बंद केला आणि म्हटलं,
"फोन तर माझ्याकडे आलाय.
तिला सकाळी कोण उठवतं आता?"

तिकडे इतकं गप्प
की फोन कानावरून काढून बघितला,
तुटला की काय.
नव्हता तुटला.
सेकंद पुढे सरकत होते.