माझ्या नावाने आलेलं

हॅलो, मी सुन्वा, क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यातून.
नाही नाही, कोणी गेलं नाही. सगळे बरे आहेत.
ऐका, तुम्हाला माझी मेल आली असेल.
उघडू नका.

सकाळपासून हे एकतिसावं घर.
बेटावर फोन पहिल्या घंटीला उचलतात,
वादळाच्या दिवसांत सगळ्यांचे कान तिकडेच.
समजवायला मात्र वेळ लागतो.
"तूच पाठवलीस ना?" हो. म्हणजे नाही.
माझ्या नावाने गेली, मी नाही पाठवली.
"मग कोणी?"
किड्याने.
पलीकडे शांतता,
मागे रेडिओवर बोटींच्या वेळा.

किडा आम्हाला नवा नाही.
खाली हॉलमध्ये बायका उजेडाच्या काचेवर
कॉडचा तुकडा पसरतात,
मांसात वेटोळं करून बसलेला दिसतो,
चिमट्याने उचलून डब्यात.
ओलुवा तीस वर्षं हेच करते, एक सुटत नाही तिच्या हातून.
ती जिना चढून आली, ओल्या बुटांनी,
माझ्या पडद्याकडे डोळे बारीक करून म्हणाली,
"कुठाय?"

काय दाखवू?
एकच ओळ होती: हा तुझाच फोटो आहे का?
बर्गनच्या हिशेबनीसाकडून.
आमच्यात किलो आणि क्रोनरपलीकडे कधी शब्द नाही.
तरी मी आधी केस सारखे केले
आणि मग दाबलं.
हे मी फोनवर सांगत नाही.

पत्त्यांच्या यादीत दोनशे सहा नावं.
पाद्री, दातांचा डॉक्टर, बोटीचं ऑफिस,
आणि एक काकू, जिच्याशी नऊ वर्षं अबोला.
तिलाही गेलं, माझ्याच सहीने, लाडीगोडीचं.
तिचा फोन मी मागे मागे ढकलत होते.
शेवटी लावला. म्हटलं, उघडू नका.
"उघडली की. सकाळीच.
आत काही नव्हतं. डबा बंद पडला."
मग जरा थांबून,
"फोटो कुठला होता गं?"

मला कुठे माहीत?
म्हटलं, आपला, धक्क्यावरचा,
वाऱ्याने दोघींचे डोळे मिटलेले.
थाप होती.
फोटो मात्र आहे तसा, बहुतेक आईच्या कपाटात.
"पाठव मग," ती म्हणाली,
"पण पोस्टाने."

चार वाजले, बाहेर काळोख.
अजून छप्पन्न नावं,
आणि पाकीट कुठे मिळतं आजकाल, कोणाला विचारू.