हातचा

वेल्ह्याच्या अलीकडे, ओढा वळतो तिथं
दारवटकरांची भाताची गिरणी होती. बंद पडलेली.
अनसूयाबाई खुटवड पुण्यातली नोकरी सोडून आल्या
आणि म्हणाल्या, मशीन तुमचं तुम्हाला,
मला नुसतं छप्पर द्या.
भाडं ठरलं: सालाला तीन मण आंबेमोहोर.
स्वतःचं वावर वीतभरही नसताना
बाईंनी मान डोलावली.

गावात कुणीतरी बोललंच:
इथं आधी भात सडायचा, आता पोरी सडतील.
बाई हसल्या.
"सडल्याशिवाय तांदूळ निघतो का हो?"

मी तेव्हा पंचविशीचा.
लिपिक मी, घंटा देणारा मी,
पाण्याचा डेरा भरणाराही मीच.
पहिल्या वर्षी अकरा मुली, एक फळा.
वारा सुटला की वाशांतून तूस गळायचं,
लिहिलेल्या ओळीवर येऊन बसायचं
अनुस्वारासारखं, नको त्या अक्षरावर.

मान्यतेची फाइल पुण्यात.
स्वारगेटला उतरून मी चालत जायचो, डबा काखेत.
साहेब म्हणायचे, फाइल वर गेलीय.
वर म्हणजे कुठं, हे सात वर्षांत कळलं नाही.
आठव्या वर्षी कागद आला:
कायम विनाअनुदानित.
बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
म्हणाल्या, यातलं 'कायम' तेवढं आपण ठेवून घेऊ.

पगार कधी तांदळात झाला,
कधी पुढच्या महिन्यात.
कोथरूडची खोली विकल्याचं त्यांनी सांगितलं
पाठ-टाचणं तपासता तपासता,
मान वर न करता,
आणि त्याच दमात एका मुलीला,
"बेरजेत हातचा विसरलीस बघ."

हातचा त्यांचा लाडका.
दिसत नाही, ओळीत लिहीत नाहीत,
पण पुढच्या घराला तोच लागतो.
अकरातल्या नऊ जणी मास्तरणी झाल्या.
घाटापलीकडं, खालच्या कोकणात,
एक तर मेंढरांमागं हिंडणाऱ्या वाडीत
फळा पाठीला बांधून.
त्यांच्या हाताखालची पोरं आता मला रस्त्यात ओळखत नाहीत.
का ओळखावं?

मग भरती थांबली.
डी.एड. करून काय करायचं, लोक विचारू लागले,
आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, फक्त प्रवेश अर्ज होते,
गठ्ठ्यानं, कोरे.
बाई गेल्या त्या साली सोळा मुली.
नंतर नऊ.
यंदा चार.
ओढ्यापल्याडची सरावाची शाळाही
पट नाही म्हणून बंद झाली.
शिकवायला शिकायचं,
तर शिकवायचं कुणाला?

परवा तपासणी होती.
तिघे साहेब, एक गाडी, फायलींवर पेपरवेट.
कोमल मरगळेचा पाठ: इयत्ता दुसरी, गणित.
मुलं नाहीत म्हटल्यावर
जाजमावर मी बसलो, मांडी घालून, गुडघे कुरकुरत;
शेजारी स्वयंपाकाच्या हौसाबाई,
दारवटकरांचा शांताराम,
आणि साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर, कारण त्याला सावली हवी होती.

सत्तेचाळीस अधिक अडतीस.
कोमलनं काड्या मांडल्या.
सात आणि आठ किती?
हौसाबाई बोटं मोजून म्हणाल्या, पंधरा,
आणि लाजल्या.
पाच काड्या खाली राहिल्या.
दहांना रबर लावून तिनं गठ्ठा केला,
माझ्यापुढं धरला.
"हा तुमच्याकडं. मी मागेपर्यंत सोडायचा नाही."

पस्तीस वर्षं मी या संस्थेचा हिशेब लिहिला.
मूठ मिटून बसलो.
तळहाताला काड्या रुतत होत्या.
समोर फळ्यावर ती चार आणि तीन लिहीत होती,
आणि पत्र्याचं छप्पर घालून वीस वर्षं झाली तरी
कुठून कोण जाणे,
एक तूस तरंगत आलं.

"सात. आणि हातचा?"
मी हात पुढं केला.

साहेबांनी पेन काढलं.
या वर्गाचा पट किती?
कोमलनं आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं.
"चार, सर.
सगळे हजर."