चाचणीघर, कलिना

पास्कल किणींचा डावा कान
इंजिनांनी कधीच नेला होता.
जाड काचेआड चहा ठेवून
ते सायीची थरथर बघत, म्हणत,
एक्केचाळीस.
मीटरही म्हणायचा, एक्केचाळीस.

मी नवी, आकडे टिपणारी.
फेरे पन्नास टक्के झाले,
तर शेजारच्या रकान्यात रेटाही पन्नास
लिहून मोकळी झाले, न बघताच.
त्यांनी खोडरबर पुढे सरकवला.
काटा पावाच्याही खाली होता.

"फिरणं म्हणजे ढकलणं नव्हे, पोरी.
फेरे वाढले की हवा जास्त येते,
आणि आली ती जास्त जोरात मागं जाते.
वाढीला वाढ गुणते.
म्हणून खाली नुसता गोंगाट.
वर एकेक टक्का वजनदार."

नव्वदच्या पुढं लिव्हर तेच सरकवत,
दोन बोटांनी,
झोपलेल्या पोराची चादर ओढावी तसं.
पलीकडं चौकटीला जखडलेलं धूड
तसूभर हलायचं नाही,
काटा तेवढा धावायचा.

निवृत्तीच्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर,
म्हणाले, आजचं मी चालवतो.
शंभरावर पाच मिनिटं.
ग्लासातली साय फाटली.
मग लिव्हर मागं, इंधन बंद,
आणि पाती फिरतच राहिली,
उन्हात, सावकाश,
एकेक पातं मोजता येईपर्यंत.

मी पेन्सिलीनं लिहिलं:
फेरे अकरा.
रेटा काही नाही.

त्यांनी वही पाहिली.
खोडरबर खिशातच राहू दिला.