हात राखून

सप्टेंबरात अंगात माज होता.
बर्फाच्या मैदानाखालच्या तळघरात,
जिथे छताला कान लावला
तर वरच्या पोरांच्या स्केट्सची खरखर ऐकू येते,
मी बारवर एकशे ऐंशी किलो चढवले.
वेइक्कोने काही न बोलता
दोन्हीकडची वजनं उतरवली, एकेक.
"साठ सामने आहेत. मार्चपर्यंत जायचंय.
आजच सगळं खाल्लंस
तर फेब्रुवारीत काय चाटशील?"

वेइक्को पूर्वी जंगलात लाकडं तोडायचा.
उजव्या हाताची दोन बोटं
करवतीकडे ठेव म्हणून आहेत.
त्याचं सगळं शास्त्र एका पातळ वहीत मावतं:
मंगळवारी तीन वेळा तीन. जड. संपलं.
गुरुवारी हलका बार, पण असा उचल
की तो हातातून उडू पाहील.
घाम निथळायच्या आत घरी जा.
"दमणं म्हणजे काम नव्हे,"
हे पटायला मला अकरा हंगाम लागले.

नोव्हेंबर. दुपारी अडीचला दिवे.
बसमध्ये जेवण, बसमध्ये झोप,
गुडघ्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी.
दर रविवारी काट्यावर मी थोडा कमी भरतो,
जणू रात्री कुणी येऊन
मांडीतलं चिमूट चिमूट नेतंय.
हंगाम म्हणजे उंदीर लागलेली कणगी.
वेइक्को तिच्यात दर मंगळवारी
एक मूठ टाकतो.
एकच.

युहोला एक मूठ पुरेना. वय एकोणीस.
कुओपिओत हरलो त्या रात्री
परतल्यावर चोरून खाली उतरला,
शिक्षा भोगल्यासारखा उचलत राहिला.
तिसऱ्या दिवशी जांघेत काही तुटलं.
आवाज झाला म्हणाला.
आम्हाला कुणालाच ऐकू आला नाही.
वेइक्को रागावला नाही.
रोज सकाळी बाकावर शेजारी बसून
त्याच्या गुडघ्यांमध्ये एक चेंडू ठेवायचा:
दाब. पाच मोज. सोड.
जानेवारीभर तेवढंच.

मार्चमध्ये आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो.
जादा वेळेत, माझ्याच काठीला लागून
पक आत गेला.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.

लिहीन ते परतीच्या रात्रीबद्दल.
दोन वाजता, सोत्कामोच्या अलीकडे,
बस रस्ता सोडून बर्फात रुतली.
उणे बावीस. पिर्क्को स्टिअरिंग सोडून खाली उतरली,
आधी चाकं पाहिली, मग आम्हाला,
जसं कुणी नांगराच्या घोड्यांना पाहतं.
अंगात सूट, पायांत सामन्याच्या दिवशीचे गुळगुळीत बूट.
मी डावा खांदा मागच्या काचेखाली लावला.
शेजारी युहो. जांघ चाचपून म्हणाला, "आहे."
वेइक्कोने तीन बोटांचा हात वर धरला.
एक. दोन.

आणि एवढ्या महिन्यांच्या पुरवून पुरवून खाण्यानंतर
पायांत कुठून तरी काही वर आलं,
सावकाश नव्हे, एका झटक्यात,
गुरुवारच्या हलक्या बारसारखं.

बस हलली. हलली ती थांबेना;
थांबली तर पुन्हा रुतेल म्हणून
पिर्क्को तशीच पुढे नेत राहिली,
आणि आम्ही मागे धावत,
घसरत, एकमेकांचे कोट धरत,
हरलेले, वाफाळलेले, खदाखदा हसत.
खूप मागून वेइक्कोचा आवाज आला:
"पुरे! आज तेवढंच."