थोल

कॅम्पातल्या गोऱ्यांच्या कबरस्तानात
नारळाच्या शेंडीनं एक दगड घासला,
तर नाव गेलेलं, वय तेवीस, आणि खाली
एकच शब्द : थोल्ड.

मी दापोली कोर्टातला टंकलेखक.
अनोळखी शब्द मला कुरपासारखा ठसठसतो.
लिमये वकिलांच्या कपाटात वाळवीनं सोडलेला
अर्धा कोश होता, सुदैवानं शेवटाकडचा :
थोल. जुना स्कॉटिश. सोसणे; तग धरणे.
त्यांच्या जुन्या कवनांत तो ओळीच्या टोकाला येतो,
दारात उभ्या बाईसारखा,
पुढं काय ते न सांगता.

कूळ शोधत गेलो तर बोट थेट आपल्याकडे :
तुला, तोल.
म्हणजे हर्णैच्या बंदरात तुळसा दोरकुळकर
कोळंबीची तागडी एका हातानं उचलते
आणि दांडी हलायची थांबेस्तोवर
श्वास धरून ठेवते, तेव्हा
ती तोलते की थोलते
हे बंदरावर कुणालाच विचारू नये.

ती दरसाल येते. नवरा होडीसकट गेला
त्याला सहा वर्षं; सात झाल्याशिवाय
कायदा मेला म्हणत नाही.
शर्ट कुठल्या रंगाचा? निळा.
पुढल्या साली : शर्ट कुठल्या रंगाचा?
यंदा म्हणाली, "सायेब, रंग उडाला."
मी टाइप केलं : अर्जदारास आठवत नाही.

कोशात त्याच शब्दाखाली बारीक अक्षरांत होतं :
तिकडच्या कोर्टात ज्यानं एकदा खटला थोलला
त्याला त्याच गुन्ह्यासाठी
पुन्हा उभं करत नाहीत.
मी ते साहेबांना सांगणार होतो.
साहेब पंख्याच्या रेग्युलेटरशी झगडत होते.

मग जबाबाच्या शेवटी, "अर्जदार हिने हाल" यापुढे
बोटांनीच ठोकलं : थोलले.
साहेबांनी लाल गोल केला. मी पांढरं लावलं,
वर 'सोसले' छापलं.
खालच्या कार्बन प्रतीत मात्र दोन्ही शब्द
एकमेकांवर चढून काळेठिक्कर.

तीच प्रत तुळसानं घेतली.
वाचता येत नाही, पण तळहातावर ठेवून
जरा वर-खाली केली.
"एवढाच?" म्हणाली.
एसटी चारची, लिलाव पाचला.