निळं लागतं तिथं

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी लेथचे बेड घासले.
निळा रंग लावायचा, पट्टी फिरवायची,
निळं लागतं तिथं उंच.
तिथंच स्क्रेपर. बाकीच्याला हात लावायचा नाही.

मुजावर डॉक्टरीणबाईंनी दातांत निळा कागद धरला
आणि म्हणाल्या, चावा,
तेव्हा मला हसू आलं.
हसताना हात तोंडावर गेला. सवय.

पहिल्या दिवशी त्यांनी मोजलं होतं,
नाकापासून हनुवटीपर्यंत.
"काका, चार मिलिमीटर कमी भरतंय.
झोपेत दात खाता तुम्ही."
हौसाला सांगितलं. ती म्हणाली,
मला विचारायचं, फुकट सांगितलं असतं की.
तीस वर्षं ऐकतीय, रात्रपाळी चालू असल्यागत.

कुणावर खात होतो?
बिलं थकवणाऱ्या पार्ट्यांवर?
की थोरल्यावर, जो मशीनकडं न बघताच पुण्याला गेला?
दात झिजले. राग कुठं झिजला, आठवत नाही.

लेथ विकलं. त्यात वरचा जबडा बसला.
खालच्यासाठी भिशी उचलली.
टेम्पोत चढवताना गिऱ्हाईक म्हणालं,
मशीन जुनं, पण बेड सरळ आहे हं.
मी तोंड मिटून मान हलवली.

मग सात महिने.
मुळांत सुया. गुलाबी लगद्यातला ठसा.
आणि एके दिवशी टेबलावर माझं तोंड,
प्लास्टरचं, बिजागरीत बसवलेलं,
एका अंगाला कललेलं,
माझ्याशिवाय उघडमीट करणारं.
इतकी वर्षं दुसऱ्यांचे जॉब तपासले.

तात्पुरते दात बसवले त्या आठवड्यात
'स' निसटायचा. हौसाची हौफा झाली.
ती मुद्दाम ओ देईना.
ऐकू नाही आलं, म्हणायची, पदर तोंडाला लावून.
लग्नातल्या उखाण्यानंतर
इतक्या वेळा तिचं नाव मी घेतलंच नव्हतं.

शेवटी पक्के.
चावा. टक टक. डावीकडं सरकवा. उजवीकडं.
उजव्या दाढेवर निळा ठिपका, मोहरीएवढा.
त्या घासणार, तेवढ्यात मी बोट वर केलं:
दोन थाऊ. जास्त नको.
"थाऊ म्हणजे?"
केस असतो ना बाई, त्याच्याहून थोडं कमी.
त्यांनी घासलं. कागद परत धरला.
सगळीकडं सारखं निळं.
कारागीर आहे पोर.
म्हणायचं राहिलं, तोंड तिच्या हातात होतं.

येताना मंगळवार पेठेत दहाचे फुटाणे घेतले.
एकेक. दोन्ही बाजूंनी.
रस्त्यात उभा राहून ऐकत होतो नुसता.

रात्री दातांवर चढवायला एक पारदर्शक पट्टी दिलीय.
आवाज बंद.
हौसा दोनदा उठते,
नाकाशी बोट धरून बघते,
श्वास चालू आहे ना.