धुराला भज्यांचा वास

महिन्याच्या शेवटच्या दिवशी नवा भाव येतो.
या वेळी लिटरमागे एकोणतीस फिल्स वर.
समोर समुद्रात टँकर नांगरून पडलेले,
रात्री त्यांचे दिवे पाहिले तर वाटावं, पलीकडे एक गावच आहे.
अलीकडे आम्ही,
फुजैराच्या डोंगराखाली, खडीच्या खाणीवर,
डिझेल काठीनं मोजणारे.

म्हणून कुरुविलासाहेबांनी निळ्या पिंपांतून ते आणलं.
शारजाच्या हॉटेलांत तळून उरलेलं तेल,
गाळलेलं, धुतलेलं,
सहीशिक्क्यानिशी डिझेल झालेलं.
"इनायत, यावर चालव. स्वस्त आहे, हिरवंही आहे."
मी बाटलीत घेऊन उन्हात धरलं.
हिरवं नव्हतं.
उकळून उकळून काळवंडलेल्या चहासारखं होतं.

पहिले चार दिवस जनरेटरच्या धुराला भज्यांचा वास.
दोनशे माणसं डाळभाताच्या ताटावर बसून
नाकानं कांदाभजी खायची.
गुलरेझ म्हणायचा, आज समोसा.
सेल्वन म्हणायचा, छे, मासा, तोही तिसऱ्यांदा तापवलेल्या तेलातला.
मी काही म्हणायचो नाही.
मला दापोलीच्या स्टँडमागची याकूबचाचांची कढई दिसायची
आणि तिच्याभोवती उभे आम्ही,
चौघांत एक प्लेट.

पाचव्या दिवशी रबरी नळी हातात आली,
भिजल्या पापडासारखी.
सातव्या दिवशी फिल्टर.
वीस वर्षं टाकीच्या तळाशी गुण्यागोविंदानं बसलेला गाळ
या नव्या पाहुण्यानं खरवडून वर काढला होता.
दमट वारा पिऊन पिऊन तळाशी पाणी साठलेलं,
त्यावर तपकिरी बुळबुळीत काहीतरी वाढलेलं,
साबणानं सुटेना.
वर दहा पिंपांच्या कामाला अकरावं लागायचं.
हे मी वहीत लिहिलं. वही साहेबांच्या टेबलावर ठेवली.
वहीवर त्यांनी चहाचा कप ठेवला.

बाराव्या रात्री दीड वाजता तो थांबला.

त्याची घरघर म्हणजेच रात्र,
असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.
आता कुणाचा तरी खोकला ऐकू आला,
मग दारं, मग चपला.
गाद्या घेऊन सगळे वाळूवर आले.
समुद्रात टँकरांचे दिवे चालूच.
गुलरेझनं टॉर्च धरला, मी फिल्टर उघडला,
आणि आमच्या घामाचे थेंब
त्या तेलावर पडून तसेच वेगळे राहिले.

सकाळी हाजराचा फोन.
गोडेतेलाचा डबा परत दोनशेनं चढला, पामतेलही.
दुकानदार म्हणतो, बाहेर लोक गाड्यांत घालतात हल्ली.
या ईदला सांदणंच करते, वाफेवरची,
तळणीचं काही नको.
मग थोडं थांबून,
"तुम्ही तर तेलाच्याच मुलखात ना?"
हो, म्हटलं.
नखांत अजून ते तपकिरी होतं.

आता पुन्हा डिझेल. चढ्या भावाचं.
साहेबांनी दोन एसी कमी केले, हिशोब जुळवला.
धुराला धुराचाच वास.
सेल्वन जेवताना नाक वर करतो आणि गप्प जेवतो.
उरलेली चौदा पिंपं कुंपणाशी उभी आहेत,
विकणारा परत घेत नाही, ओतायला परवानगी नाही.
संध्याकाळी कुणी ना कुणी तिकडे एक चक्कर मारून येतं.
हवा लागली की ते आणखी बिघडतं, मला माहीत आहे.
झाकणं मी घट्ट लावत नाही.